मांदे प्रदेशातील जेली आणि सुंजाताचे आख्यान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेतील कथनपरंपरा हा विषय एका लेखात मावणारा नाही. त्यामुळे येथे माली, गिनी, सेनेगल, गांबिया आणि त्यांच्या शेजारच्या देशांत पसरलेल्या मांदे भाषक समाजांपुरते, म्हणजे तेथील जेली आणि त्यांनी जपलेले सुंजाता केइताचे आख्यान एवढ्यापुरतेच बोलायचे आहे. वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न साध्यापासून अवघडाकडे अशा क्रमाने लावले आहेत.

१. जेली म्हणजे नेमके कोण?

मांदे समाजात पिढ्यान्‌पिढ्या शब्दाचे काम करणाऱ्या घराण्यांतील स्त्री-पुरुषांना जेली म्हणतात. गांबियात याचाच उच्चार जाली असा होतो, तर बाहेरच्या जगात फ्रेंचमधून आलेले ग्रिओ हे नाव अधिक परिचित आहे. जेली इतिहास सांगतो, वंशावळी म्हणतो, गातो आणि वाजवतो. परंतु लग्नाची बोलणी करणे, दोन घराण्यांतील तंटा मिटवणे आणि प्रतिष्ठित व्यक्तीचे म्हणणे सभेपुढे मांडणे हीसुद्धा त्याचीच कामे आहेत.

परंपरेने या समाजाचे तीन थर मानले जात: शेती, युद्ध आणि राज्य करणारे होरोन; लोहार, चर्मकार, जेली असे कारागीर म्हणजे न्यामाकाला; आणि जोन, म्हणजे दास. न्यामाकालांची लग्ने बहुतांशी आपसांतच होत. त्यामुळे कुयाते, जाबाते, सिसोको, सुसो अशी आडनावे कानांवर पडताच मांदे माणसाला समोरची व्यक्ती बहुधा जेली घराण्यातील आहे हे कळते.

२. आफ्रिकेत सगळीकडेच असे ग्रिओ असतात का?

नाही. जन्माने ठरणारे ग्रिओ हे मुख्यतः पश्चिम आफ्रिकेच्या सवाना पट्ट्यातील मांदे, वोलोफ, फुला, सोनिंके अशा समाजांचे वैशिष्ट्य आहे. इतरत्र स्मृती जपण्याच्या रीती पूर्णपणे वेगळ्या आहेत. नायजेरियातील योरुबा समाजात इफा या दैवज्ञान पद्धतीचे पुरोहित हजारो पद्ये मुखोद्गत करतात; काँगोतील लुबा लोकांत मणी आणि कवड्या जडवलेल्या लुकासा नावाच्या लाकडी फळीवर बोटे फिरवत राजघराण्याचा इतिहास सांगितला जातो; घानातील अकान समाजात अनान्सी कोळ्याच्या गोष्टी कोणीही सांगू शकतो. ‘आफ्रिकी कथाकार’ अशी एकच मूर्ती मनात ठेवून वाचायला बसलेल्या माणसाला यातले जवळजवळ काहीच दिसत नाही. एवढ्यासाठीच येथे एका परंपरेपाशी थांबलो आहोत.

३. सुंजाताचे आख्यान थोडक्यात सांगाल का?

मांदेचा राजा नारे मागान याला एक शिकारी भाकीत सांगतो की, एका कुरूप परक्या मुलीशी लग्न केल्यास तिच्या पोटी थोर राजा जन्माला येईल. दो प्रदेशात रानम्हशीचे रूप घेऊन संहार करणाऱ्या स्त्रीशी जिचे नाते आहे, अशी सोगोलोन त्याची पत्नी होते. तिचा मुलगा सुंजाता मात्र कित्येक वर्षे चालू शकत नाही.

यानंतरचा प्रसंग गिनी आणि मालीतील बहुतेक जेली रंगवून सांगतात. सोगोलोन कालवणात घालायला गोरखचिंचेची पाने मागण्यासाठी सवतीकडे जाते. (बाओबाब म्हणजे हीच गोरखचिंच, तिचा कोवळा पाला वाळवून, कुटून कालवणात घालण्याची रीत त्या भागात आजही आहे.) सासुमा बेरेते पाने देते, पण वर सुनावते की, माझा मुलगा सात वर्षांचा असताना चालत जाऊन माझ्यासाठी पाने तोडून आणत होता. अपमानित आई रडत घरी येते. सुंजाता तिला म्हणतो की, मी आजच चालेन, आणि लोहारांकडून लोखंडी कांब मागवतो. तिच्या आधाराने तो उठतो तेव्हा कांब धनुष्यासारखी वाकते. मग तो जाऊन अख्खी गोरखचिंचच मुळासकट उपटतो आणि आईच्या झोपडीपुढे आणून रोवतो. आता गावातल्या बायकांनाच पानांसाठी सोगोलोनच्या दारी यावे लागणार असते.

पुढे सवतीच्या छळाने मायलेकरांना परागंदा व्हावे लागते. सोसोचा जादूगार राजा सुमांगुरू कांते मांदे जिंकतो आणि सुंजाताचा जेली बाला फासेके यालाही अडकवून ठेवतो. मांदेचे दूत सुंजाताला मेमा येथून परत आणतात आणि किरिनाच्या लढाईत, कोंबड्याची नखी लावलेल्या बाणाने, सुमांगुरूची जादू संपते. या विजयावर माली साम्राज्य उभे राहिले.

४. हे खरोखर घडले का?

सुंजाता ही ऐतिहासिक व्यक्ती होती, याविषयी इतिहासकारांना फारशी शंका नाही. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिणाऱ्या अरब इतिहासकार इब्न खल्दूनने, सोसोंचा पराभव करून पंचवीस वर्षे राज्य करणाऱ्या मारी जाता या मालीच्या राजाची नोंद केली आहे; हा मारी जाता म्हणजेच सुंजाता मानला जातो. किरिनाच्या लढाईचे १२३५ हे साल मात्र कोणत्याही समकालीन कागदावर नाही; ते नंतरच्या अभ्यासकांनी हिशेबाने ठरवले आहे. त्यामुळे ‘सुमारे १२३५’ असेच लिहिणे योग्य.

मला याहून महत्त्वाची वाटते ती स्मृतीची निवड. १३२४ साली हजला जाताना कैरोत सोन्याची खैरात करणारा मालीचा राजा (मान्सा) मुसा अरबी ग्रंथांमुळे जगभर गाजला, पण जेलींच्या आख्यानांत त्याला जवळजवळ जागाच नाही. जेली सांगतो तो ‘आपण कोण आणि एकमेकांचे कोण लागतो’ याचा इतिहास. आणि घराण्यांची नाती सुंजाताच्या काळात लागली असे मांदे समाज मानतो. मुसाच्या श्रीमंतीने त्या नात्यांत काही भर पडली नाही, हे त्यामागचे कारण असावे असे मला वाटते.

५. प्रत्येक जेली वेगळे सांगतो. मग मूळ संहिता कोणती?

मूळ संहिता अशी नाहीच. काही आख्यानांत सुंजाता सात वर्षे चालत नाही, तर काहींत त्याहून अधिक. काहींमध्ये बाला फासेके पळून जाऊ नये म्हणून सुमांगुरू त्याच्या टाचांच्या शिरा कापतो, तर काहींत हा प्रसंगच येत नाही. सुमांगुरू पुष्कळदा मारलाच जात नाही. तो कुलिकोरोच्या डोंगरात अदृश्य होतो.

हे फरक विसराळूपणातून आलेले नाहीत. गांबियातील जाली सेनापती तिरामाखान त्राओरेच्या पश्चिमेकडील मोहिमेला बराच वेळ देतात, कारण तेथील अनेक घराणी आपला वंश त्याच्या सैन्याशी जोडतात. त्याच तिरामाखानला मालीत तेवढे महत्त्व मिळत नाही. शैलीही व्यक्तीनुसार पालटते. १९७४ साली गॉर्डन इनेस यांनी प्रसिद्ध केलेल्या गांबियातील आख्यानांत बाम्बा सुसो वंश आणि नाती शांतपणे उलगडतात, तर बान्ना कानुते त्याच कथेतील झुंजी आणि चमत्कार जोशात उभे करतात. सगळ्यांत जास्त वाचली गेलेली आवृत्ती म्हणजे गिनीचे इतिहासकार जिब्रील तामसिर नियान यांनी जेली मामादू कुयाते यांच्याकडून ऐकून १९६० साली फ्रेंचमध्ये गद्यात प्रसिद्ध केलेली. ती वाचनीय आहे, पण ती एका जेलीने सांगितलेली आणि एका लेखकाने घडवलेली कथा आहे, हे विसरू नये.

६. लिहून न ठेवता एवढे लक्षात तरी कसे राहते?

जेलीची मुले घरातच, वडील, काका, आजोबा यांच्याजवळ बसून शिकतात. पुढे नामांकित जेलींकडे जाऊन राहण्याचीही पद्धत आहे. मालीतील केला हे गाव यासाठी विशेष मानले जाते. मात्र शब्दशः पाठांतर हे या शिक्षणाचे ध्येय नसते. पक्के करायचे असते ते घराण्यांच्या नावांचा क्रम, प्रत्येक घराण्याची ठरलेली स्तुतिवचने आणि प्रत्येक वीराची स्वतःची चाल. वाद्यावर ती चाल सुरू झाली की पुढचे नाव आपोआप ओठांवर येते. मुख्य वाद्ये तीन: भोपळ्याच्या अर्ध्या कवचावर कातडे ताणून केलेला एकवीस तारांचा कोरा; लाकडी पट्ट्यांखाली लहान भोपळे बांधलेला बालाफोन; आणि चार-पाच तारांची न्गोनी.

शिवाय जेली एकटा बोलत नाही. त्याच्यासमोर बसलेली एक व्यक्ती प्रत्येक वाक्यानंतर ‘नाआमू’ म्हणते. ऐकले, पुढे चला, असा तो होकार. जेली ‘सोगोलोन दोहून आली’ म्हणतो, नाआमू. ‘ती कोंदे घराण्याची’, नाआमू. या होकाराने लय टिकते, सांगणाऱ्याला पुढचे आठवायला क्षणभर उसंत मिळते आणि चारचौघांदेखत साक्षही होते. श्रोत्यांत त्याच घराण्यांचे वंशज आणि इतर जाणकार जेली बसलेले असतात. त्यांच्यासमोर चुकीचा पूर्वज सांगून निभावणे कठीण. मांदेची स्मृती एका माणसाच्या डोक्यात साठवलेली नाही. ती सांगणारा, होकार देणारा आणि ज्याचे पूर्वज सांगितले जात आहेत तो, अशा तिघांमध्ये मिळून राहते.

७. या जुन्या कथांचा आजच्या माणसाच्या ओळखीशी काय संबंध?

संबंध आडनावातून येतो. मांदे समाजात आडनाव, म्हणजे जामू, हे आख्यानातील एखाद्या पूर्वजाकडे जाणारी वाट असते. माणसाला अभिवादन करताना पुष्कळदा नुसते जामू उच्चारतात, ‘त्राओरे!’, ‘केइता!’ आणि एवढ्यानेच त्याच्या पूर्वजांचा गौरव होतो. बाळ जन्मल्यावर आठव्या दिवशी बारसे होते. बाळाचे जावळ काढतात, नाव हळूच कानात सांगतात आणि मग जेली ते मोठ्याने सर्वांना ऐकवतो. माणसाचे नाव समाजात पहिल्यांदा उच्चारले जाते ते जेलीच्या तोंडून.

दुसरा धागा सनांकुयाचा. ठरावीक आडनावांच्या माणसांना एकमेकांची यथेच्छ थट्टा करण्याची मुभा असते आणि त्यावर रागवायचे नसते. अगदी अनोळखी माणसेही बाजारात वा प्रवासात एकमेकांचे आडनाव कळताच चिडवाचिडवी सुरू करतात, आणि त्यामुळे कित्येक वाद पेटण्याआधीच विझतात. ही नाती सुंजाताच्या काळात ठरली असे जेली सांगतात.

कुयाते आणि केइता यांचे नाते सर्वांत घट्ट. बाला फासेके सुंजाताचा जेली होता, म्हणून त्याचे वंशज कुयाते आजही केइतांचे जेली मानले जातात. सुमांगुरूचा मानला जाणारा बालाफोन, सोसो-बाला, गिनीतील निआगासोला गावात कुयातेंच्या दोकाला कुटुंबाकडे आहे. सुमारे दीड मीटर लांबीचे, वीस पट्ट्यांचे हे वाद्य घरातील ज्येष्ठ पुरुषच वाजवतो, तेही मुस्लिम नववर्ष किंवा विशिष्ट अंत्यविधी अशा मोजक्या प्रसंगी. युनेस्कोने २००१ साली या वाद्याभोवतीच्या परंपरेला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरवले.

८. जेली बिदागी घेऊन स्तुती करतात. मग ते आपल्याकडच्या भाटांसारखेच नाहीत का?

महाराष्ट्रात जवळचे उदाहरण शोधायचे तर मी भाटांपेक्षा कोल्हापूर-सांगलीकडे घरोघरी येऊन वंशावळ वाचणाऱ्या हेळव्यांचे घेईन, कारण धान्य वा पैसे घेऊन ते कुळाला कुळाची आठवण देतात. फरक असा की, हेळव्यांजवळ लेखी नोंदी असतात. आणि जेली आठवण देऊन थांबत नाही, तो यजमानाकडून काहीतरी मागतो. पैसे तर मागतोच, पण वागणूकही मागतो.

याची सर्वांत जुनी साक्ष इब्न बतूताची आहे. दिल्लीहून निघून दौलताबादमार्गे प्रवास केलेला आणि त्या शहराचे वर्णन लिहून ठेवणारा हा मोरोक्कोचा प्रवासी १३५२-५३ मध्ये मालीच्या मान्सा सुलेमानच्या दरबारी होता. तेथे त्याने भोपळे लावलेले वाद्य वाजवत गाणारा दूघा नावाचा दुभाष्या पाहिला; तसेच पिसांचा वेष आणि लाल चोचीचा लाकडी मुखवटा घातलेले कवीही पाहिले. त्याला तो वेष हास्यास्पद वाटला, पण ते काय म्हणत होते ते त्याने नोंदवले. ज्या आसनावर तू बसला आहेस, त्यावर अमुक राजा बसत असे आणि त्याने अमुक सत्कृत्य केले. तूही असे काही कर की, जे तुझ्यामागे सांगितले जाईल, अशा आशयाचे ते बोलणे होते. स्तुती ऐकणाऱ्यावर पूर्वजांचे ऋण चढते, आणि ते त्याला कृतीने फेडावे लागते.

आजची टीका निराधार आहे असे नाही. राजेरजवाडे गेल्यानंतर व्यापारी आणि पुढारी यजमान झाले. ज्याच्याशी वंशपरंपरेचे नाते नाही अशा कोणाचीही पैशासाठी स्तुती करणारे जेली वाढले, याची खंत जुने जेली स्वतःच बोलून दाखवतात. त्या स्तुतीकडे इतिहासाचे साधन म्हणून अतिशय सावधपणे पाहावे लागते.

९. स्त्रिया जेली असतात का?

असतात, त्यांना जेलीमुसो म्हणतात. आख्यानाचे कथन आणि वाद्यवादन परंपरेने पुरुषांकडे, तर गायन मुख्यतः स्त्रियांकडे असते. लोखंडी नळी घासून ताल धरण्याचे कारिन्यान हे वाद्यही त्यांचे. मालीत लग्न आणि बारशाच्या समारंभांत स्त्रियांचाच आवाज अधिक ऐकू येतो. केला गावच्या सिरा मोरी जाबाते यांना फार मोठा मान होता. कोरा पुरुषांनीच वाजवायचा हा संकेत अलीकडे सैल होत असून, जेली घराण्यात जन्मलेल्या सोना जोबार्ते यांनी कोरावादक म्हणून जगभर नाव मिळवले आहे. (जोबार्ते हे जाबातेचेच गांबियातील रूप.)

१०. जन्माने जेली नसलेली व्यक्ती हे काम करू शकते का?

गाणे गाऊ शकते, पण त्याने जेली होत नाही, आणि परंपरेत याची किंमतही मोजावी लागते. प्रसिद्ध गायक सालिफ केइता सुंजाताच्या कुळातले. ज्या घराण्याची स्तुती जेलींनी गायची त्या घराण्यातल्या मुलाने स्वतःच गावे, हे त्यांच्या घरच्यांना मान्य नव्हते.

उलट बाजूचा प्रश्न, म्हणजे जेली नसलेल्याचे कथन जेलीचे म्हणून मानले जाण्याचा, अमेरिकी लेखक अॅलेक्स हेली यांच्या १९७६ सालच्या ‘रूट्स’ या पुस्तकामुळे वारंवार येतो. गांबियातील जुफुरे गावी केब्बा फोफाना यांच्या कथनातून हेलींना आपला पूर्वज कुंता किंते सापडला, असे त्या पुस्तकात आहे. इतिहासकार डोनाल्ड राइट यांनी १९८१ साली दाखवून दिले की, फोफाना हे परंपरेने शिकलेले जेली नव्हते आणि ऐकणाऱ्याला काय हवे आहे याची त्यांना आधीच कल्पना होती. त्या पुस्तकाने असंख्य कृष्णवर्णीय अमेरिकनांना पूर्वजांच्या शोधाला लावले, हे त्याचे मोल कायम आहे. पण जेलींच्या परंपरेचा पुरावा म्हणून ते पुढे करू नये.

११. लिपी नव्हती म्हणूनच मौखिक परंपरा टिकली का?

नाही. मालीत अरबी लिपी शतकानुशतके वापरात होती आणि तिंबुक्तूची हस्तलिखिते प्रसिद्धच आहेत. मांदे भाषांसाठी सुलेमाना कांते यांनी १९४९ साली न्को ही स्वतंत्र लिपीही तयार केली. लेखन असूनही घराण्याचा इतिहास जेलीच्या तोंडूनच ऐकायचा, ही समाजाची निवड होती. दोन परंपरा एकमेकींत मिसळल्याही आहेत: जेली केइतांचा वंश पैगंबरांचे सहकारी बिलाल यांच्यापर्यंत नेतात. तो वंशवृक्ष म्हणून इतिहासकार स्वीकारत नाहीत, परंतु इस्लाम आणि मांदे अस्मिता यांची सांधेजोड कशी झाली हे त्यातून स्पष्ट दिसते.

१२. कुरुकान फुगाची सनद ही तेराव्या शतकातील मानवी हक्कांची घटना आहे, हे खरे का?

अर्धेच खरे. विजयानंतर सुंजाताने कुरुकान फुगाच्या मैदानावर सभा घेऊन घराण्यांची कामे आणि नाती ठरवली, ही स्मृती जुनी आहे आणि अनेक जेलींकडे आहे. परंतु महाजालावर फिरणारा ४४ कलमांचा मजकूर १९९८ साली गिनीतील कांकान येथे जेली, संशोधक आणि रेडिओचे कार्यकर्ते यांच्या बैठकीत संकलित झाला. २००९ साली युनेस्कोच्या यादीत समावेश झाला तो मौखिक वारसा म्हणून. त्या कलमांची भाषा आजची आहे, आणि एखादे कलम जसेच्या तसे १२३६ सालचे म्हणून उद्धृत करणे चुकीचे ठरेल. आवृत्त्या वेगळ्या का असतात, याचे उत्तर प्रश्न ५ मध्ये आहे.

१३. ‘म्हातारा माणूस मरतो तेव्हा एक ग्रंथालय जळते’ ही आफ्रिकी म्हण आहे ना?

ही म्हण नव्हे. मालीचे लेखक आणि संग्राहक आमादू हाम्पाते बा यांनी १९६० साली युनेस्कोत केलेल्या आवाहनाचा तो पुढे प्रचलित झालेला संक्षेप आहे. नव्याने स्वतंत्र होणाऱ्या देशांतील जाणत्या वृद्धांचे ज्ञान तातडीने नोंदवून घ्यावे, यासाठी ते कळवळून बोलत होते. ‘आफ्रिकी म्हण’ म्हटले की सांगणाऱ्याचे नाव पुसले जाते. बोलणाऱ्याचे नाव आणि कूळ सांगितल्याशिवाय बोलणे पुढे न नेणाऱ्या परंपरेविषयी लिहिताना तरी हे टाळावे.

१४. महाराष्ट्रातील सिद्दींच्या गीतांशी या परंपरेचा संबंध आहे का?

थेट संबंध नाही. भारतातील सिद्दींचे पूर्वज मुख्यतः पूर्व आफ्रिकेतून, इथिओपियापासून खालच्या किनाऱ्यापर्यंतच्या प्रदेशातून आले. मलिक अंबर इथिओपियाचा. मांदे प्रदेश खंडाच्या दुसऱ्या टोकाला आहे. (प्रश्न २ पाहा.)

१५. सगळ्या जेलींचे ध्वनिमुद्रण करून ठेवले की परंपरा सुरक्षित होईल, असे का मानू नये?

ध्वनिमुद्रणाचे मोल मोठे आहे. रेडिओ आणि कॅसेटमुळे जेलींचे आवाज गावोगाव आणि पॅरिसपर्यंत पोहोचले. मालीच्या राष्ट्रगीताची चाल अंध न्गोनीवादक बान्झुमाना सिसोको यांची मानली जाते. पण मुद्रित झालेली आवृत्ती अधिकृत ठरू लागते, आणि ज्यांचे पूर्वज तिच्यात आले नाहीत ती घराणी स्मृतीतून बाजूला पडतात.

मालीतील कांगाबाचे उदाहरण याच्या नेमके विरुद्ध आहे. तेथे कामाब्लोन नावाचे गोल, गवताने शाकारलेले पवित्र घर आहे. परंपरेनुसार ते १६५३ सालचे. दर सात वर्षांनी पाच दिवसांचा सोहळा होतो. विशीतील तरुण वृद्धांच्या देखरेखीखाली जुने छप्पर उतरवतात, नवे विणतात आणि मातीच्या भिंतींवर चढवतात. सोहळ्याची सूत्रे केइतांकडे असतात, आणि केला गावचे जाबाते जेली घराच्या आत रात्रभर मांदेचा इतिहास म्हणतात. बाहेर गर्दी असते, परंतु आतले शब्द मुद्रित करण्यास मनाई आहे आणि अभ्यासकांनाही त्याचे ध्वनिमुद्रण मिळालेले नाही. याच सोहळ्यात तंटे मिटवले जातात आणि पुढील सात वर्षांचे भाकीत केले जाते. तो इतिहास ऐकायचा तर त्या घरी, त्या माणसांसमवेत, सात वर्षे थांबून जावे लागते. आणि ही अट शिथिल करण्याचा अधिकार केइता आणि जाबाते यांच्याशिवाय कोणालाही नाही.